लोडाची उंची

सिडको, नाशिक
मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर

चि. सौ. तेजस्विनीस,

तुझ्या मोठ्या जावेचा, आशाचा आशीर्वाद.

झेंडूच्या पुडीतून चिठ्ठी निघाली म्हणून दचकू नकोस. अंबूबाईला मीच दिली. ज्या देवळाच्या सभामंडपात तू बायकांचा योगवर्ग घेतेस, त्याच्याच दाराशी ती फुलं विकते, आणि तिथे जायच्या आधी आमच्या गल्लीत येते. मला म्हणाली, "दोघी जावा एका गावात ऱ्हाता आन् मला पोस्टमन करता व्हय? फोन नाय का?" मी म्हटलं, फोन एकच आहे आणि तो दिवसभर यांच्या हाताशी असतो. "मंग दादांना सांगा की सरळ, जावेशी बोलायचंय म्हणून." तिच्याकडून नको असलेला गजरा विकत घेतला, तेव्हा गप्प झाली.

तुम्ही दोघं हे घर सोडून गेलात त्यानंतर आपण बोललेलो नाही. महेश भाऊजींनी अंबडचा कारखाना सोडला तेव्हा हे चारचौघांत नको ते बोलले. भित्रा म्हणाले, बायकोच्या पदराला बांधलेला म्हणाले. त्यावर आज मला काही लिहायचं नाही. सख्ख्या भावांचं आहे, त्यांचं त्यांनी बघावं.

माझं काम वेगळं आहे. नवरात्रात मी देवळात आले होते. जाळीतून तुझा वर्ग दिसला. बायका लांबट लोडावर पाठ टेकून उताण्या पडल्या होत्या, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, छाती वर आलेली. एक चांगली अंगाने भरलेली बाई होती. ती असा श्वास घेत होती की मला उभ्या उभ्या तिचा हेवा वाटला. देवीपुढे उभं राहून हेवा करू नये, पण वाटला.

ते मला शिकायचं आहे. माझी पाठ आखडली आहे आणि छातीही भरल्यासारखी होते. वर्गाला येणं जमणार नाही. हे सध्या घरीच असतात, कारखान्यात दिवाळीनंतर काम मंद आहे. तू चित्र काढून पाठव. लोड विकत आणा असं सांगू नकोस, घरातल्या वस्तूंत काय बसेल ते लिही. आणि पाठ किती उंच ठेवायची, ते मात्र नीट लिही. कमी-जास्त झालं तर काय होतं, तेही.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. यांनाही कळू देणार नाही मी.

तुझी,
आशाताई


सिडको
बुधवार, ता. १२ नोव्हेंबर

चि. सौ. तेजस्विनीस आशीर्वाद.

तुझं चित्र मिळालं. तुझा हात पहिल्यापासून चांगला, दारापुढे तूच रांगोळी काढायचीस. कपाळ हनुवटीपेक्षा उंच, खांदे खाली, जबडा सैल, सगळं बाण काढून दाखवलंस. खाली लिहिलंस, "ताई, मान दुखली तर लगेच उठा, अंगावर काढू नका." इतक्या दिवसांनी 'ताई' वाचलं.

लोडासाठी मी आईकडची गोधडी घट्ट गुंडाळली आणि दोन्ही टोकांना सुतळीने आवळली. डोक्याखाली घडीची चादर. गुडघ्यांखाली तू ठोकळे दाखवलेस, मी तूरडाळीचे आणि पोह्यांचे डबे घातले. पोह्यांचा डबा चेपला, तो माझ्या वजनाने की आधीचाच, ते माहीत नाही.

आमचा हॉल तुला ठाऊक आहे, लांबी एकाच बाजूने मिळते. उत्तरेला डोकं करून मी निजणार नाही, तसं मेलेल्या माणसाला ठेवतात. दक्षिणेला डोकं केलं तर पाय थेट देवघराकडे येतात. शेवटी देवीची क्षमा मागितली आणि देवघराची दारं लोटून घेतली. दुसरी अडचण पट्ट्याची. पाय बाहेर पडू नयेत म्हणून मांड्यांभोवती पट्टा बांधा असं तू लिहिलंस. तिथे बांधायची मला लाज वाटली. घरात पुरुष माणूस आहे, आपण काय वर्गात आहोत का! मी जुन्या नऊवारीचा काठ घेतला आणि पायाचे दोन्ही अंगठे जुळवून तिथे बांधला.

डोळे मिटले. पहिले काही श्वास नुसते नरड्यापाशी अडखळत होते. मग कुठेतरी बरगड्यांच्या बाजूला हवा जायला लागली. तिथे श्वास पोचतो हे मला या वयात कळलं. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच मला चीड येत होती, कारण मी ज्याच्यासाठी

ते जाऊ दे. झालं असं, की हे गॅलरीतून आत आले. भर दिवसा देवघर बंद, मी उताणी आणि पायाचे अंगठे बांधलेले. "आशे!" अशी हाक मारली की खालच्या मजल्यावरची प्रतिभा जिन्यात आली.

मी तशीच पडून म्हटलं, "अहो, मी मेले नाही. आसन करतेय."

"आसन? सुतक असल्यासारखं देवघर बंद करून?"

"देवीला पाय दिसू नयेत म्हणून."

"आणि अंगठे कोणी बांधले?"

"मीच."

"स्वतःचे स्वतः बांधून मोकळी झालीस होय! मला निदान तेवढं काम तरी ठेवायचं होतंस."

प्रतिभा तोंडाला पदर लावून हसली. हे मात्र भिंतीला धरून खाली बसले. त्यांना धाप लागली, वय झालं आता. बराच वेळ धाप खाली बसेना. मी अंगठे सोडवून शेजारी बसले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, माझ्या आधी गेलीस."

मग विचारलं, "असं आडवं पडून बरं वाटतं का गं?"

"वाटतं."

"पूर्ण आडवं? पाठ टेकवून?"

"हो."

"मलाही पाडून बघ एकदा."

माणसाला कशाची हौस येईल सांगता येत नाही. म्हणून विचारते, त्यांना हेच करू देऊ का? प्रकृती तशी ठणठणीत आहे. खोकला आहे थोडा, पण ही आपल्याकडची थंडी आहे. आणि शेजारच्या एक बाई विचारत होत्या, एखाद्याला उताणं झोपताच येत नसेल, बसूनच झोपावं लागत असेल, तर त्याला किती उंची लागेल? त्यांच्यासाठी विचारलं हं.

लगेच कळव.

आशाताई


सिडको
मंगळवार, ता. १८ नोव्हेंबर

तेजस्विनी,

तुझी चिठ्ठी आज हातात पडली. अंबूबाईच्या मळ्यात शेवंतीची तोडणी होती, ती आलीच नाही इतके दिवस. तू लिहिलंस, "ताई, खरं सांगा, कोणासाठी? धाप लागणाऱ्या माणसाला चित्रातल्यासारखं सपाट पाडू नका. आधी मला बघू द्या." इतकी घाई होती तर स्वतः का नाही आलीस? पत्ता बदलला नव्हता आमचा.

शनिवारीच मी त्यांना पाडलं.

तुझ्या चित्रात होतं तसंच सगळं केलं. उलट जास्त जपून केलं. अंगठे बांधले नाहीत. देवघर उघडं ठेवलं, त्यांनाच कोपऱ्यातून तिरपं निजवलं. मानेखाली माझा हात होता. पाठ टेकली तसे ते हसले. म्हणाले, "छताला ओल आलीय गं. मला दिसलीच नव्हती." किती दिवसांत त्यांनी छत पाहिलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आणि मग त्यांचा हात माझ्या पदराला आला. बोलता येईना. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले. मी उचलायला गेले तर गोधडीची गुंडाळी सरकली आणि डोकं आणखी मागे गेलं. तेजस्विनी, ते माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी मुद्दाम करतेय की काय, असं बघत होते.

प्रतिभाने नाक्यावरच्या फकिराची रिक्षा बोलावली. दवाखान्यात मास्क लावला तेव्हा रंग आला. डॉक्टर मला म्हणाले, "यांना आडवं कोणी केलं?" मी म्हटलं, मी. "का?" काय सांगायचं? त्यांना आडवं झालेलं बघायचं होतं म्हणून?

काल घरी आणलं. डॉक्टर आणखी काय म्हणाले ते मला लिहिता येत नाही. येत नाही म्हणजे मुभा नाही.

तुझं चित्र फाडून टाकणार होते. फाडलं नाही.

आशा


सिडको
शुक्रवार, ता. २१ नोव्हेंबर

चि. सौ. तेजस्विनीस,

आत्ता कालिका मातेच्या देवळातून आले. ओटी भरली, आणि देवीला सांगितलं की मी तुझ्या नावाची शपथ मोडायला घरी चालले आहे. जी काय शिक्षा असेल ती माझ्या अंगावर दे, त्यांच्या नको. कौल मागितला नाही. नको म्हणाली असती तरी मी लिहिलंच असतं.

माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही. शेजारच्या बाई कोणी नाहीत. कारखान्यात काम मंद नाही, यांनाच तिथे जाता येत नाही. तुझे थोरले दीर बरे नाहीत गं.

एवढी वर्षं ग्राइंडिंगवर, घासकामाच्या मशीनवर काढली. ती बारीक धूळ छातीत बसली आहे. छातीच्या फोटोत फुफ्फुसं अशी दिसतात, जशी पिठाच्या गिरणीतली जळमटं. डॉक्टर म्हणाले, ती आता ताठर झाली, पुन्हा मऊ होणार नाहीत. आहे तेवढं जपायचं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं आहे, त्याची घरघर दिवसभर चालू असते. बोटाला लावायच्या यंत्रावर जो आकडा येतो तो मी दूध-भाजीच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. सवय आहे, लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. पण त्या आकड्यांची बेरीज काही होत नाही.

उन्हाळ्यात निदान झालं त्याच दिवशी त्यांनी मला देवघरापुढे बसवलं. सप्तशृंगीच्या कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "महेशला आणि त्याच्या बायकोला माझ्या आजाराचं एक अक्षर सांगायचं नाही. म्हण." मी म्हटलं, देवीला यात कशाला ओढता? तर म्हणाले, "तुला दुसऱ्या कोणाची भीती आहे का?" खरंच नाही, म्हणून ते मला बरोबर ओळखतात.

मी म्हटलं तसं. आणि पाळलंही. तुला लिहिलं त्यात आजाराचं अक्षर नव्हतं. पाठ माझी, छाती माझी. मला वाटलं होतं, शपथही राहील आणि उपायही मिळेल. तू निरोगी बाईसाठी उंची लिहिलीस, मी ती मरणाच्या धापेला लावली. शपथ पाळून मी त्यांना जवळजवळ मारलं.

आता ऐक, ते कसे झोपतात. खाटेवर बसतात. पुढे शिवणयंत्र ओढून घेतात, त्यावर उशी, उशीवर कपाळ. पाठीची कमान झाली आहे. खांदे कानाला लागलेत. तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस, घरात शिरताना दाराच्या चौकटीला डोकं लागायचं तो हा माणूस. पायांना सूज उतरते. डुलकी लागली की मान घसरते आणि दचकून उठतात, पुन्हा तेच. छाती पुढून इतकी मिटली आहे की मालिश करायला हात घातला तर बोटं आत जात नाहीत. शनिवारी ते काही क्षण आडवे झाले आणि छताबद्दल बोलले, त्यानंतर मला दुसरं काही सुचत नाही. त्यांना बरं कर असं मी आता देवीकडेही मागत नाही. त्यांची पाठ कुठेतरी टेकू दे, एवढंच मागते.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाठीखाली चढ करून, मशीन चालू ठेवून, जाणत्या माणसाने समोर बसून केलं तर हरकत नाही, आराम पडेल. जाणतं माणूस मला तूच माहीत आहेस.

तू ये. यांना विचारणार नाही मी. विचारलं की नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्यावर माझ्याने पुढे जाववणार नाही. न विचारता दार उघडीन. भाऊजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. घरात जे काय ऐकून घ्यावं लागेल ते मी घेईन. तुलाही दोन शब्द लागतील, ते माझ्याकडे बघून गिळ.

मंगळवारी ये. सकाळी त्यांचा दम त्यातल्या त्यात बरा असतो.

आशाताई


सिडको
रविवार, ता. ३० नोव्हेंबर

चि. सौ. तेजस्विनी,

मंगळवारी तू गेल्यावर जे झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. सगळं वाच, मधेच ठेवू नकोस.

तू आलीस तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तुझ्याशी बोलले नाहीत, पण तू 'दादा, हात द्या' म्हटल्यावर हात दिला. मी ते पाहिलं. तू खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा रचल्यास, खाटेवर तुझा तो भरीव लोड तिरका लावलास, त्यावर आणखी एक. मी म्हटलं, ही तर आरामखुर्ची झाली, यात आसन कुठे आहे? तू म्हणालीस, "ताई, त्यांच्या छातीला हेच डोंगर चढल्यासारखं आहे." मग कोपरांखाली उशा दिल्यास, म्हणजे खांद्यांना हातांचं ओझं नको. ते मला कधी सुचलं नसतं. श्वास घ्या असं तू एकदाही म्हणाली नाहीस, नुसतं 'सोडा' म्हणत राहिलीस. त्यांचे खांदे कानापासून खाली आले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. मला तिथे बघवेना.

मी विचारलं, भाऊजी? तू म्हणालीस, "ते पिंपळगावला गेलेत, द्राक्षांच्या पॅकहाउसवर कामाला." मी पुढे विचारलं नाही. खिडकीतून मला खाली झाडाखाली भाऊजींची मोटारसायकल दिसत होती.

तू जिना उतरलीस. हे डोळे मिटून होते. झोप लागली असं मला वाटलं, घोरण्यासारखा आवाजही येत होता. तेवढ्यात खाली कोणीतरी खोकलं. आधी घसा खाकरल्यासारखं, मग कोरडं, एकामागून एक. गाडी सुरू झाली आणि गेली.

यांचे डोळे उघडे.

"कोण होतं?"

"रस्त्यावरचं कोणीतरी."

"आशा, महेश होता तो."

मला वाटलं, आता माझ्या शपथेचा हिशेब होणार. त्याची तयारी मी करून बसले होते. पण त्यांनी ते काढलंच नाही. म्हणाले, "कधीपासून खोकतो तो?"

"मला काय माहीत? आपलं बोलणं कुठे आहे?"

"हा घशाचा खोकला नाही. माझा असाच सुरू झाला होता. मला ऐकू येतो तो."

मी म्हटलं, भाऊजींनी तर केव्हाच सोडलं ते काम. गार वारा लागला असेल, गाडीवर आले होते. तर माझ्यावर ओरडले. ओरडण्याइतका दम कुठून आणला देव जाणे. "सोडलं म्हणजे काय? आत गेलेली बाहेर येते का? माझ्या शेजारच्या मशीनवर उभा होता तो." आणि खोकला आला, मी पाठ धरली. तो थांबल्यावर जे म्हणाले ते तसंच्या तसं लिहिते. "मी त्याला भित्रा म्हटलं, पण मनात म्हणत होतो, बरं झालं, एक तरी सुटला. त्याच आधारावर तर मी बसलोय इथे. आता तेही नाही काय?"

तेजस्विनी, तू श्वासाचं शिकवतेस. एका घरात राहतेस. तू ऐकलं नसशील असं होणार नाही. तू 'पिंपळगाव' म्हणालीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता, पण मला माझंच पडलं होतं. मीही इतके दिवस ज्यांचा आजार लपवत होते त्यांच्याच शेजारी बसून होते, म्हणून तुला विचारते, रागावू नकोस. तुला माहीत आहे का? की तुझ्याकडूनही कोणी काही वदवून घेतलं आहे? घेतलं असेल तर मी माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

उद्या सोमवार. भाऊजींना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि ग्राइंडिंगवर किती वर्षं होते ते आधी सांग. नाहीतर साधा खोकला म्हणून औषध देतात. आमचं निम्मं वर्ष तसंच गेलं. ओरडतील, ओरडू दे. जेवायचे नाहीत, नको जेवू देत. वर यायला लाज वाटत असेल तर सांग त्यांना, तुमच्या दादाने तुमचा खोकला तिसऱ्या मजल्यावरून ओळखला.

मी लगेच लिहिलं असतं, पण अंबूबाई आज आली. हे मला रोज विचारत होते, "पाठवलंस?" फोन कर म्हणाले नाहीत, आणि तुमचा नंबर त्यांनी फोनमध्ये ठेवलेला नाही. अंबूबाई दारात थांबली आहे. म्हणते, "आक्का, आवरा, माझी फुलं वाळत्यात."

एकच राहिलं. मंगळवारी दुपारी मी पुन्हा उशा लावायला गेले, तर त्यांनी हाताने अडवलं. महेशच्या छातीचा फोटो निघून काय ते कळेपर्यंत पाठ टेकणार नाही म्हणाले. मी पाया पडले. डॉक्टरांची भीती घातली. ऐकत नाहीत. तेव्हापासून शिवणयंत्र पुन्हा ओढून घेतलं आहे. तू रचलेल्या विटा तशाच आहेत, तुझे लोड भिंतीला उभे आहेत, आणि हे बसून आहेत.

लवकर कळव गं.

आशाताई